भौतिकशास्त्राच्या बाजूला उंदीर नाही

चिठ्ठी वाचून फणफणेसरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला आणि चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचली.

"प्रयोगशाळेत उंदीर आहे. काल त्याने माझे अंकुरलेले मक्याचे दाणे खाल्ले. आपल्या माहितीसाठी." खाली जीवशास्त्राच्या बाईंची सही होती.

चिठ्ठी घेऊन आलेले शिपाईकाका समोर उभे होते. बाईही समोरच होत्या, फार तर सहा फुटांवर, सूक्ष्मदर्शकाची भिंगं पुसत. पण सर आणि बाई यांच्यात अकरा वर्षं बोलणं नव्हतं. एकमेकांना काही कळवायचं झालं तर शिपाईकाकांना हाक मारायची, चिठ्ठी त्यांच्या हातात द्यायची आणि त्यांनी ती सहा फूट चालत न्यायची, अशी पद्धत पडून गेली होती. काकांचे गुडघे दुखायला लागले होते, पण पद्धत बदलली नव्हती.

सरांनी त्याच चिठ्ठीच्या पाठीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं, "भौतिकशास्त्राच्या बाजूला उंदीर नाही." आणि चिठ्ठी परत पाठवली.

फणफणे हे काही सरांचं आडनाव नव्हे. एकोणतीस वर्षांतल्या विद्यार्थ्यांनी मिळून त्यांना दिलेली ती पदवी होती. वस्तुमानाला कोणी वजन म्हटलं की सर फणफणायचे. घंटा दीड मिनिट उशिरा झाली की फणफणायचे. लोक म्हणत, सर फार तापट. हे साफ खोटं होतं. चुकीच्या गोष्टीला चूक म्हणावं एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आता जगात चुकीच्या गोष्टीच जास्त असतील तर त्याला सर काय करणार?

बाईंशी बिनसलं तेही असंच. शाळेला प्रयोगशाळा एकच, ती दोघांत मिळून. अकरा वर्षांपूर्वी बाईंनी सरांच्या नाजूक तराजूत, मिलिग्रॅमचा फरक दाखवणाऱ्या, काचेच्या पेटीत ठेवलेल्या तराजूत, एक बेडूक तोलला. जिवंत. दुसऱ्याच दिवशी सरांनी पिवळी चिकटपट्टी आणून टेबलाच्या मधोमध लावली. पट्टी टेबलावरून खाली उतरून फरशीवरून दारापर्यंत गेली. डावीकडे भौतिकशास्त्र, उजवीकडे जीवशास्त्र. कुलूप लागणारं एकमेव कपाट डाव्या बाजूला आलं, त्याची किल्ली सरांच्या खिशात गेली, आणि बाईंचे सूक्ष्मदर्शक अकरा वर्षं उघड्या फळीवर धूळ खात राहिले.

त्याच दिवशी दुपारी मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून घेतलं.

"बसा सर. शनिवारी तपासणी अधिकारी येतायत. आणि एक विषय त्यांच्या कानावर घालायचाय. आपल्याला एक वर्गखोली कमी पडते."

"मग बांधा."

"बांधायला जागा कुठाय? म्हणून म्हटलं, प्रयोगशाळा... म्हणजे हल्ली काय झालंय, सगळे प्रयोग पडद्यावर दाखवता येतात. छान रंगीत असतात. फसत पण नाहीत."

सर खुर्चीत बसले होते ते उठले. "फसत नाहीत? जो फसूच शकत नाही तो प्रयोग कसला? तो तमाशा झाला. पोरांना कळायला नको, की निसर्ग आपल्या बापाचा नोकर नाही म्हणून?"

"तुम्ही चिडू नका."

"मी चिडलेलो नाही."

"बरं, नाही चिडलात. असं करा, शनिवारी साहेबांना काहीतरी असं दाखवा, की जे पडद्यावर दाखवून चालणार नाही. त्यांना पटलं तर प्रयोगशाळा राहील. नाही पटलं तर मग माझा नाइलाज आहे."

सर प्रयोगशाळेत परतले. उतरलेल्या रंगाच्या भिंती, पाय हलणारी स्टुलं, ठिणग्यांनी भोकं पडलेलं टेबल. याच टेबलावर त्यांनी एकोणतीस वर्षं प्रकाश वाकवला होता आणि भोवतीची हवा काढून घेऊन घंटा मुकी केली होती. उद्या इथे बाकं येणार आणि भिंतीवर रंगीत पडदा टांगला जाणार. मग त्यांनी दहावीचं पुस्तक उघडलं. शेवटून दुसरा धडा. केंद्रकीय विखंडन आणि संमीलन. दरवर्षी हा धडा सरांनी खडूने फळ्यावर गोल काढून शिकवला होता. यंदा ते तो करून दाखवणार होते.

कल्पना सरांची स्वतःची नव्हती, जुनी होती, पण या शाळेत कोणी करून पाहिली नव्हती. उंदरांचे चाप घ्यायचे, लाकडी पट्टीवर स्प्रिंग असते तसले. ते ताणून फरशीवर शेजारी शेजारी मांडायचे आणि प्रत्येकावर टेबल टेनिसचे दोन चेंडू ठेवायचे. चाप म्हणजे युरेनियमचं केंद्रक, चेंडू म्हणजे न्यूट्रॉन. बाहेरून एक चेंडू टाकला की एक चाप सुटतो आणि त्याचे दोन चेंडू उडतात, ते दोन चाप सोडतात, मग चार, मग आठ, आणि बघता बघता सगळी फरशी उधळते. साखळी अभिक्रिया. पडद्यावर तिचा आवाज येतो, पण चेंडू नाकावर येऊन आदळत नाही.

संध्याकाळी सर लोखंडी सामानाच्या दुकानात गेले.

"उंदरांचे चाप द्या. पिंजरे नकोत, चाप. एकशेवीस."

दुकानदाराने वहीतून डोकं वर काढलं. "किती?"

"एकशेवीस."

"घरी एवढे झालेत?"

"घरी नाही. शाळेसाठी पाहिजेत."

दुकानदाराचा चेहरा पडला. त्याची मुलगी त्याच शाळेत सहावीत होती. "शाळेत एकशेवीस उंदीर?"

"एकही उंदीर नाही. उंदरांचा संबंधच नाही."

"मग चाप कशाला?"

सरांनी सांगितलं. जड केंद्रकापासून सुरुवात केली. त्यावर न्यूट्रॉन आदळला की त्याचे दोन तुकडे कसे होतात, शिवाय दोन-तीन नवे न्यूट्रॉन कसे बाहेर पडतात, आणि तुकड्यांची बेरीज मूळ केंद्रकापेक्षा किंचित कमी भरते ती ऊर्जा होऊन कशी जाते, हे सगळं सविस्तर सांगितलं. दुकानदाराने मान हलवत ऐकलं, पोतं बांधून दिलं, आणि सर वळल्यावर शेजारच्या गिऱ्हाइकाला हळूच म्हणाला, "बिचारे. कशीबशी लपवालपवी करतायत."

त्या दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती.

सर पोतं घेऊन पायी घरी गेले. हातपाय धुऊन बसले, तोवर बायको आतून आली.

"अहो, तुमच्या शाळेत उंदरांनी फळा कुरतडला म्हणे."

सरांच्या हातातला कप बशीवर आपटला. "कोण म्हणतं?"

"खालच्या मजल्यावरची म्हणाली. तिला शिंपीणबाईंनी सांगितलं. मांजराएवढाले आहेत म्हणे एकेक."

"आपला फळा सिमेंटचा आहे."

"मग दुसरं काहीतरी कुरतडलं असेल."

सरांनी कागद ओढला. दुकानातून निघाल्याला तास झाला होता. दुकानदाराने दोघांना सांगितलं, दोघांनी चौघांना, चौघांनी आठांना. दहाव्या पायरीला एक हजार चोवीस. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. साखळी अभिक्रिया त्यांनी शनिवारी दाखवायची ठरवली होती, ती सोमवारीच सुरू झाली होती. शिवाय फुकट.

"पण अभिक्रिया आवरता येते," ते बायकोला म्हणाले. "अणुभट्टीत नियंत्रक सळया असतात. त्या न्यूट्रॉन गिळून टाकतात, की पुढे जायला कोणी उरत नाही."

"म्हणजे तुम्ही काय करणार?"

"मी सत्य सांगणार."

बायकोच्या संसाराला तीस वर्षं झाली होती. ती कप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या दारावरच्या फलकावर सरांच्या ठसठशीत अक्षरात सूचना झळकली. "शाळेत एकही उंदीर नाही. पालकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये." तोपर्यंत निम्म्या पालकांच्या कानावर उंदरांचं काही गेलंच नव्हतं. मुलांना सोडायला आले, फलक वाचला आणि जागच्या जागी थबकले. शाळा सुरू होताना कोणी "शाळेत वाघ नाही" असं लिहितं का? नाही लिहीत. मग उंदराचंच का लिहिलं?

दुपारपर्यंत मुख्याध्यापकांच्या खोलीत वीसेक पालक जमले. सरांना वर्गातून बोलावलं.

"यांना तुम्हीच समजावून सांगा," मुख्याध्यापक कपाळ पुसत म्हणाले.

सरांनी समजावलं. यावेळी त्यांनी फळ्यावर गोल काढले. पालक गप्प बसून बघत होते. सरांना वाटलं, चला, निदान इथे तरी शिकण्याची इच्छा दिसते. शेवटी एका गृहस्थांनी हात वर केला.

"सर, म्हणजे तुमचं म्हणणं असं, की उंदीर नाहीत."

"बरोबर."

"शनिवारी आमच्या मुलांसमोर तुम्ही अणू फोडणार आहात."

"अणू नाही. चाप."

"पण हे तर बॉम्बमध्ये असतं ना?"

सरांच्या हातातला खडू मोडला. "बॉम्बमध्ये खिळेही असतात, म्हणून सुताराला पकडता का तुम्ही? दुपारभर मी काय सांगतोय? तिथे न्यूट्रॉन आहेत, इथे प्लॅस्टिकचे चेंडू आहेत!"

"मग उंदीर बरे," मागून कोणीतरी पुटपुटलं. बहुतेकांना ते पटलेलं दिसलं.

बुधवारी आरोग्य निरीक्षक आला. त्याने स्वयंपाकघर पाहिलं, गटारं पाहिली, जिन्याखालची जागा पाहिली. प्रयोगशाळेत त्याने बॅटरी मारून टेबलाखाली पाहिलं. सरांचं कपाट तेवढं उघडलं नाही. किल्ली खिशात होती, पण सरांच्या मते भौतिकशास्त्राचं कपाट उंदरासाठी उघडणं हा भौतिकशास्त्राचा अपमान होता, आणि निरीक्षकालाही उशीर झाला होता. बाई कोपऱ्यात उभ्या राहून कपाटाकडे बघत होत्या. मग त्यांनी एका कागदावर काहीतरी लिहिलं आणि शिपाईकाकांच्या हाती दिलं.

"कपाटाखाली बघायला सांगा," असं त्यात लिहिलं होतं.

सरांनी पाठीवर लिहिलं, "आपण आपल्या बाजूपुरतं बघावं."

निरीक्षक म्हणाला, "मला काही दिसलं नाही, पण एवढी ओरड आहे तर शाळेकडून लेखी लागेल." मुख्याध्यापकांनी लगेच कागद पुढे केला. स्वतः सही करण्याइतके ते भोळे नव्हते.

सर इतके भडकलेले होते की त्यांनी मजकूरही स्वतःच सांगितला. "शाळेच्या इमारतीत एकही उंदीर नाही. आढळल्यास प्रयोगशाळा तत्काळ बंद करावी, माझी हरकत राहणार नाही." आणि खाली सही ठोकली. कागदाला पेनाने भोक पडलं. मुख्याध्यापकांनी तो कागद तपासणीच्या फायलीत सगळ्यात वर लावला.

शनिवारी सर पहाटे उजाडताच शाळेत आले. क्रीडाशिक्षकांची तीन दिवस मनधरणी करून, दोन व्यायामशाळा पालथ्या घालून त्यांनी दोनशे चाळीस चेंडू जमवले होते. फरशीच्या डाव्या भागात, कपाटापुढे, त्यांनी तीन बाजूंना पारदर्शक प्लॅस्टिकच्या भिंती उभ्या केल्या. चौथ्या बाजूला कपाट होतंच, आणि ते भौतिकशास्त्राचं असल्यामुळे त्यावर सरांचा पूर्ण भरवसा होता.

चाप ताणणं हे काम लिहायला सोपं आहे. पहिल्यांदा त्र्याऐंशी चाप मांडून झाले तेव्हा शिपाईकाकांच्या हातून किल्ल्यांचा जुडगा पडला. सगळं उधळलं. सरांनी काकांना बाहेर बसवलं. दुसऱ्यांदा एकशेअकरा झाले तेव्हा सरांचाच चष्मा नाकावरून घसरला. आत दुसरं कोणी नसल्याने त्यांना स्वतःवरच फणफणावं लागलं. तिसऱ्या वेळी त्यांनी चष्मा दोऱ्याने कानामागे बांधला, दोन बोटांना पट्ट्या गुंडाळल्या आणि दहाला पाच कमी असताना एकशेविसावा चाप मांडला. मग ते मागे सरकले आणि श्वास घेतला. पहाटेपासून पहिल्यांदाच घेत होते बहुतेक.

दहा वाजता अधिकारी आले. पोट सुटलेले, शांत, झोप अपुरी झालेले गृहस्थ. काखेत फाइल. त्यांच्यामागे मुख्याध्यापक, त्यांच्यामागे दहावीचा वर्ग. पोरं प्लॅस्टिकच्या भिंतीभोवती दाटली. पिवळ्या पट्टीच्या पलीकडे बाई स्टुलावर बसून वह्या तपासत होत्या, जणू इकडे काही चाललंच नव्हतं.

सरांनी सुरुवात केली. विखंडन सांगितलं. वेगाने धावणारा न्यूट्रॉन केंद्रकाजवळून सुसाट निघून जातो, पण मंद न्यूट्रॉन रमतगमत येतो म्हणून केंद्रक त्याला सहज पकडतं आणि फुटतं, म्हणून अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग मुद्दाम कमी करतात, हेही सांगितलं. अधिकाऱ्यांनी जांभई दाबली.

"आणि ते दुसरं? संमीलन? तेही दाखवता का?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब. ते शाळेत होत नाही." सर मनापासून बोलू लागले. "ते सूर्यात होतं. तिथे दोन हलकी केंद्रकं जुळून एक होतात. पण दोघांवर एकाच जातीचा विद्युतभार, त्यामुळे ती एकमेकांना जवळच येऊ देत नाहीत. एकाच ठिकाणी असली तरी दूर दूर पळतात. त्यांना जोडायचं तर कोट्यवधी अंशांचं तापमान लागतं. तेवढी आग लागली तरच. आणि जुळली, की दोघांच्या बेरजेतून थोडं वस्तुमान हरवतं. ते मात्र द्यावंच लागतं."

पट्टीच्या पलीकडून वही आपटल्याचा आवाज आला. एकशेवीस चापांच्या काळजीने सरांनी तिकडे डोळे वटारले.

"बरं, दाखवा आता," अधिकारी म्हणाले.

सरांनी खिशातून एक लाल चेंडू काढला. हा पहिला न्यूट्रॉन. त्यांनी तो प्लॅस्टिकच्या भिंतीवर धरला, चाळीस पोरांनी श्वास रोखला, आणि त्याच क्षणी कपाटाखालून उंदीर बाहेर आला.

चांगला गरगरीत, राखाडी उंदीर होता. पळत नव्हता. सकाळी मंडईत निघालेल्या माणसासारखा सावकाश, थांबत थांबत, नाक हलवत येत होता. पहिल्या चापापाशी थांबला, हुंगलं, खायला काही नाही हे बघून नाराज झाला आणि पुढे निघाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या चापाच्या मधून गेला. चौथ्याला वळसा घातला. एकही चाप हलला नाही. खोलीत इतकी शांतता होती की त्याची नखं फरशीवर वाजलेली ऐकू येत होती. सरांचा हात चेंडूसकट हवेतच राहिला होता. मुख्याध्यापकांची नजर उंदरावरून अधिकाऱ्यांच्या काखेतल्या फायलीकडे गेली.

मग उंदीर वळला, आणि त्याची शेपटी पाचव्या चापाला लागली.

खट.

त्यानंतर जे झालं ते चार सेकंदांत संपलं, पण पाहणाऱ्यांपैकी कोणी ते विसरणार नाही. दोन चेंडू उडाले, मग चार, आणि मग मोजणं संपलं. सगळी फरशी एकदम उसळली. चाप कोलांट्या खात होते, चेंडू भिंतींवर, छतावर, दिव्यावर आपटत होते, एक मुख्याध्यापकांच्या टकलावर लागून अधिकाऱ्यांच्या खिशात पडला. पोरं ओरडत होती, हसत होती, वाकत होती. एकोणतीस वर्षांत सरांनी एवढी सुंदर गोष्ट पाहिली नव्हती. आणि एकोणतीस वर्षांत त्यांना एवढं रडावंसं वाटलं नव्हतं.

उंदीर मात्र त्या धुमश्चक्रीतून कसा कोण जाणे धडपणे निसटला. प्लॅस्टिकच्या फटीतून बाहेर पडला, पिवळी पट्टी ओलांडली आणि जीवशास्त्राच्या बाजूला गेला. बाईंनी बसल्या जागेवरून हात लांब केला आणि त्याच्यावर काचेचं मोठं चंचुपात्र पालथं घातलं.

शेवटचा चेंडू टप टप करत थांबला. अधिकारी पूर्ण जागे झाले होते. त्यांनी फाइल उघडली. सगळ्यात वरचा कागद वाचला. मग चंचुपात्राकडे पाहिलं.

"हा उंदीर..." ते म्हणाले.

सरांनी तोंड उघडलं. सोमवारपासून ते दुकानदाराशी, बायकोशी, पालकांशी सत्यासाठी भांडत होते. आता सत्य चंचुपात्राखाली बसून मिशा साफ करत होतं. सही त्यांची होती, सांगणं त्यांचं काम होतं, आणि प्रयोगशाळा संपणार होती.

"माझा आहे, साहेब," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. बाई उभ्या राहिल्या होत्या.

"मी पाळलाय, मक्याच्या दाण्यांवर. प्राण्यांचं वर्तन शिकवायला लागतो. इमारतीतला नाही तो, प्रयोगातला आहे. सर म्हणाले, पहिला न्यूट्रॉन हाताने टाकण्यात मजा नाही. मग आम्ही ठरवलं, दोघांनी मिळून."

"दोघांनी मिळून?" मुख्याध्यापकांच्या तोंडून निघून गेलं. शिपाईकाका दाराला टेकले.

पण अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला होता. "म्हणजे दोन विषयांची सांगड? अहो, परिपत्रक काढून दोन वर्षं झाली, विषयांची सांगड घाला, सांगड घाला म्हणून. एका शाळेत काही दिसलं नाही मला. लोक गणिताच्या तासाला गाणं म्हणतात आणि सांगड म्हणतात." ते सरांकडे वळले. "सर, हे असंच ठरलं होतं ना?"

सरांनी बाईंकडे पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ पाहिलं. बाई डोळ्याला डोळा भिडवून उभ्या होत्या. सरांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. खोलीतलं तापमान किती असावं याचा हिशेब त्यांच्याने झाला नाही.

"मंद न्यूट्रॉन आहे तो, साहेब," सर म्हणाले. "म्हणून तर पकडला गेला."

अधिकाऱ्यांनी शेरा लिहिला. प्रयोगशाळा अशीच चालू ठेवावी. हाच प्रयोग दोन्ही शिक्षकांनी मिळून पुढल्या महिन्यात इतर शाळांनाही दाखवावा. जुना कागद त्यांनी घडी घालून मुख्याध्यापकांना परत दिला आणि खिशातला चेंडू पोरांच्या नकळत तसाच घेऊन गेले.

सगळे गेल्यावर दोघंच उरली. सर गुडघ्यावर बसून चेंडू गोळा करत होते. काहीतरी बोलायला हवं हे त्यांना समजत होतं, पण शिपाईकाका बाहेर गेले होते आणि चिठ्ठी कोणाबरोबर पाठवायची हे सुचत नव्हतं. शेवटी बाई पट्टीपाशी आल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"किल्ली," त्या म्हणाल्या.

सरांनी खिशात हात घातला. काढली. दिली. मघाशी आपणच सांगितलं होतं, थोडं वस्तुमान हरवतं म्हणून. पण ते आपल्या खिशातून हरवेल असं काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

बाईंनी कपाट उघडलं. खालच्या फळीवर, मागच्या फळकुटाला पडलेल्या भोकापाशी, सरांच्या टिपणवहीचं घरटं होतं. एकोणतीस वर्षांची टिपणं, नखाएवढ्या तुकड्यांत. वरच एका तुकड्यावर 'विखंड' एवढं शाबूत होतं. सर फणफणायला उठले, आणि बाईंचा चेहरा बघून पुन्हा खाली बसले.

"चिठ्ठी पाठवली होती मी," बाई म्हणाल्या.

"पोचली होती."

सोमवारी सकाळी सर आले तेव्हा कपाटात सूक्ष्मदर्शक ओळीने बसले होते. बाईंनी त्यांना पट्टीच्या अलीकडूनच हाक मारली. "सर, इकडे या. ती मादी निघाली. म्हणून चालायला एवढी जड होती. तुमच्या न्यूट्रॉनला सात पिल्लं झाली."

सरांनी काचेच्या पेटीत वाकून पाहिलं. गुलाबी, शेंगदाण्याएवढी सात.

"दोन किंवा तीन," सर रागाने म्हणाले. "एक आत जातो, दोन किंवा तीन बाहेर पडतात. सात कुठल्याही पुस्तकात बसत नाहीत."

"ते तुम्ही तिला सांगा. आणि पिंजरा आणा मोठा. पुढल्या महिन्यात प्रयोग आहे आपला."

सर दुकानात गेले. शनिवारपासून ते खोटं त्यांच्या घशात काट्यासारखं अडकून होतं. रात्री बायकोला सांगून पाहिलं, तर ती "बरं झालं" म्हणून झोपली. आता दुकानदाराने मोठा पिंजरा काढून दिला आणि सवयीने विचारलं, "कशाला हो सर?"

"शाळेत उंदीर आहेत," सर ठणकावून म्हणाले. "एक मोठी आणि सात लहान. भौतिकशास्त्राच्या कपाटात होती. मी लिहून दिलं होतं ते चूक होतं."

दुकानात तेव्हाही दोन गिऱ्हाइकं होती. दोघंही हसू लागली. दुकानदार तर डोळे पुसायला लागला.

"काय सर, चेष्टा करता गरिबाची. साहेबांनी स्वतः तपासलं, सबंध गावाला माहितीये. एकही उंदीर नाही शाळेत. माझी पोरगी म्हणाली, बाईंचा पाळीव आहे एक, शिकवलेला."

"अहो, मी सांगतोय ना तुम्हाला!"

"बरं, बरं," दुकानदार पिंजऱ्याला सुतळी बांधत म्हणाला. "तुम्ही म्हणता तर असतील."

सर पिंजरा घेऊन रस्त्याने तरातरा निघाले. प्रयोगशाळेत बाई पेटीत कापूस घालत होत्या.

"काय झालं? एवढे का तापलात?"

सरांनी पिंजरा टेबलावर आपटला, बरोबर पिवळ्या पट्टीवर. "गेल्या सोमवारी उंदीर नाहीत म्हणालो, तर कोणी ऐकलं नाही. आज आहेत म्हणतोय, तर हसतात. माणसाने खरं बोलायचं तरी कोणत्या वारी?"

बाईंनी पिंजऱ्याखाली अडकलेलं पट्टीचं टोक नखाने सोडवलं आणि ओढलं. अकरा वर्षांची पट्टी, अर्धी निघून हातात आली. ती त्यांनी पिंजऱ्याच्या दाराला गुंडाळली, कारण दार नीट बसत नव्हतं.